चांदी म्हशीचे गुडघे

मांजर्ली, बदलापूर
१२ जून २०२५

चि. अक्षय,

पाकिटात तीन चित्रं आहेत. नरेंद्र रोज ऑफिसला जाताना तुझ्या दुकानावरून जातो, तोच देईल. माझा नवरा तुझा पोस्टमन झालाय, त्याला निदान चहा तरी पाज.

तू म्हणशील, फोन असताना ताईला पत्राची हौस कुठून आली. हौस नाही रे. हॉल एक, त्यात आईची कॉट. मी फोनवर बोलते ते तिला सगळं ऐकू येतं, आणि जे ऐकू येत नाही ते ती विचारते. मेसेज टाइप करायला घेतला की, “कोनाला लिवतेस गो?” चित्र काढत बसले की मात्र ती काही विचारत नाही. म्हणून चित्राच्या कागदाखाली हा कागद ठेवून लिहितेय.

पहिलं चित्र रिद्धीच्या वटवाघळाचं. दर रविवारी टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायच्या तुझ्या या अंधारखोऱ्याच्या खेळातला एकच नियम मला मनापासून आवडतो: ज्या प्राण्याला स्वतः हात लावलाय, तोच जोडीदार म्हणून घ्यायचा. बाकी जगात लोक फासे टाकून ड्रॅगनवर बसतात, आणि अंबरनाथच्या रिद्धीच्या खांद्यावर तिच्या गॅलरीत मरगळून पडलेलं वटवाघूळ. मी त्याला राखेच्या रंगाचे पंख दिलेत आणि कान जरा मोठे केलेत. एवढी जादू पुरे.

दुसरा मुकेशचा पल्ला मासा. हात कधी लावलास विचारलं तेव्हा म्हणाला होता, आजीने तळायला आणलेला धुऊन दिला होता. जोडीदाराला आधी खाऊन मग सोबत घेणारा हा पहिलाच वीर असेल. खवले काढताना मजा आली. मासा जमिनीवर चालणार नाही म्हणून तुम्ही त्याला पाण्याच्या हंड्यात ठेवलंय, आणि हंडा माझ्या चांदीच्या पाठीवर.

तिसरं चित्र चांदीचं. खरवईच्या आपल्या गोठ्यातली चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. गोठ्याच्या जागी आता बिल्डिंगचं पार्किंग आहे, पण तिची मान अजून माझ्या हाताला आठवते. आई फेब्रुवारीत बाथरूममध्ये पडली तेव्हापासून मी रविवारी खेळायला आलेले नाही. मी नसले तरी चांदी तुमच्याबरोबर चालतेय असं तू म्हणतोस. तिच्या पाठीवर आणखी काय काय आहे ते कळव, मी अंदाजाने काढलंय.

आईचं खुब्याचं हाड जुळतंय असं डॉक्टर म्हणतात. उठता-बसता मात्र माणूस लागतं.

तुझी ताई
संजीवनी


उल्हासनगर, पाच नंबर
१७ जून

ती. ताईस,

‘ती.’ लिहिलंय, बघितलंस ना? दुकानात जीन्सची लेबलं मोजता मोजता लिहितोय, अक्षराकडे बघू नकोस.

चित्रं एकदम कडक. वटवाघूळ बघून रिद्धीने फोनचा वॉलपेपरच बदलला. मुकेशने मासा दोन्ही डोळ्यांना लावला आणि म्हणाला, “साईं, इसकी तो मैं फ्रेम बनाऊंगा.” मी म्हटलं, थांब, आधी पुस्तकात छापू दे. दिवाळीला खेळाचं पुस्तक काढायचं पक्कं आहे आणि कव्हरवर चांदीच हवी, यावर मी अडून आहे.

आता चांदीबद्दल. रागावू नकोस. मी चित्र खेळाच्या फेसबुक पेजवर टाकलं. लोक काय काय लिहितात! एक म्हणतो, म्हैस काय यार, निदान गवा तरी घ्यायचा. दुसऱ्याला शिंगांना आग लावून हवीय. तिसऱ्याचं म्हणणं, पंख द्या म्हणजे सगळे प्रश्न मिटतील. त्यांना मी चांगलं उत्तर दिलं. पण नाशिकच्या एका मुलीने नुसतं विचारलं, “ही आजारी आहे का?” आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. बरगड्या दिसतात. मान खाली. आणि पुढचे गुडघे वाकलेत. ताई, गुडघे चुकलेत. उभं जनावर गुडघे सरळ ठेवतं. तू एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे क्लास घेणारी, तुला मी काय शिकवणार? पण तेवढे सरळ कर आणि छाती भरदार कर. कव्हरवरून नुसती बघत राहिली पाहिजे.

सामान म्हणशील तर मुकेशचा हंडा, रिद्धीचा तंबू, दोरखंड, मिठाची गोणी, भाले, आणि माझी नकाशांची पेटी. ती पहिल्या दिवसापासून आहेच. ज्याने ठेवलं त्यानेच उतरवायचं, हा नियम मी चोऱ्या होऊ नयेत म्हणून केला होता. झालं असं की ठेवतात सगळे, उतरवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. तू टेबलावर नसतेस, त्यामुळे बोलायलाही कोणी नाही. पण मानलं पाहिजे, चांदी आहे म्हणून खेळ चाललाय.

आई काय म्हणते? ती तुझ्याकडे आहे म्हणून मला टेन्शन नाही.

अक्षय


मांजर्ली
२८ जून

चि. अक्षय,

उत्तराला उशीर झाला. कागद चित्राखाली ठेवला होता, त्यावर आईच्या पेजेचं वाटकं सांडलं. हा दुसरा.

गुडघे चुकलेले नाहीत. मी ते बघून काढलेत. आईला कॉटवरून उचलून वॉकरला लावते तेव्हा समोरच्या कपाटाच्या आरशात मी मला दिसते. तिचे दोन्ही हात माझ्या गळ्यात, तिचा सगळा भार माझ्यावर, आणि माझे गुडघे असे. सकाळी उठल्यावर, आंघोळीला, व्यायामाला, संडासला, पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. मान खाली का, तर पाय कुठे पडतोय ते बघावं लागतं. नाशिकच्या त्या मुलीला सांग, ती आजारी नाही.

आणि मी क्लास घेणारी नाही, घ्यायचे. कॉट हॉलमध्ये आली तेव्हाच बंद केले. मुलं बसणार कुठे? जाता-येता एखाद्या पालकाची गाठ पडली की विचारतात, मॅडम, परत कधी सुरू करताय. मी हसते. तुला हे सांगितलं नव्हतं, कारण फोनवर सांगितलं असतं तर आईने ऐकलं असतं.

आई गोड आहे रे. तिचा काही त्रास नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते बरंचसं खरं आहे. तिलाच लाज वाटते. उचलताना दर वेळी म्हणते, “जड झालीय ना गो मी?” मी म्हणते, छे, कापूस आहेस.

तुझ्याकडे एक मागणं आहे. चांदीला एकदा बसू दे. मी टेबलावर नाही, मला सांगता येत नाही. खेळाचा सूत्रधार तू आहेस, पुढे काय होतं ते तूच सांगतोस. कुठेतरी नदीकाठी थांबवा, सामान उतरवा, तिला पाण्यात बसू द्या. म्हशीला तेवढंच लागतं.

चित्र आज पाठवत नाही. जुनंच आहे.

ताई


उल्हासनगर
३ जुलै

ताई,

तू एकदम सेंटी झालीस. पण मुद्दा पटला. मी रविवारी विषय काढला. थांबायला कोणी तयार नाही, कारण मागे गिधाडांची टोळी लागलीय आणि मुकेशला पूर आलेली घळ पार करायचीय. मग मी आयडिया केली. चांदीला एक जादूचं खोगीर मिळालंय! पडक्या देवळात सापडलं. ते घातलं की ओझं कितीही असो, अर्धंच जाणवतं. सगळे खूश. रिद्धीने लगेच आणखी दोन पोती लादली.

तू आता चांदीला खोगीरासह काढ. लाल मखमल, सोनेरी बुट्टे. कव्हरवर मस्त दिसेल. गुडघ्यांचा प्रश्नही सुटेल, कारण ओझंच अर्धं झालं.

आणि तुझ्या कंबरेसाठी भावोजींकडे एक पट्टा दिलाय. चांगल्यातला आहे, आमच्या शेजारच्या मेडिकलवाल्याने स्वतः वापरून सांगितलं. तो बांधून आईला उचललंस की काही वाटणार नाही.

आईला म्हणावं, अक्षय येतोय लवकरच भेटायला. श्रावणाआधी नक्की.

अक्षय


मांजर्ली
९ ऑगस्ट

अक्षय,

श्रावण अर्धा होऊन गेला.

चित्र नाही. पत्रही लिहिणार नव्हते. पण जे झालं ते तुला कळायला हवं, आणि नरेंद्र ते तुला सांगणार नाही. तो भिडस्त आहे.

मागच्या महिन्यात मी चांदीला खोगीर घालून बघत होते. खरंच बघत होते, तू सांगितलंस म्हणून. लाल रंग कालवला होता. आई कॉटवरून म्हणाली, “दाव बघू.” आजवर तिने कधी चित्र मागितलं नव्हतं. मी दाखवलं. तिने चष्मा लावला आणि लगेच ओळखलं. “ही आपली चांदी.” मग बराच वेळ बघत बसली आणि एकदम चिडली. तुला आठवतं ना ती चिडली की कशी होते? “ह्या वझा कोनी घातला? दुभत्या म्हशीवं वझा घालतात का कवा? दूध आटल तिचा. वझा रेड्यावं घालतात. येडी झाली का काय तुमी!”

मला हसूच आलं. खरवईच्या गोठ्यात वाढलेली आपण दोघं, तू नियमांची चोपडी लिहिलीस, मी चित्रं काढली, शेकडो लोकांनी शिंगांवर मतं दिली, आणि दुभत्या म्हशीवर कोणी सामान लादत नाही हे एकालाही आठवलं नाही. मी तिला सांगितलं, अक्षयचा खेळ आहे, त्यानेच लादलंय. ती म्हणाली, “त्याला सांग, उतरव म्हनाव.”

मग चित्रातल्या गुडघ्यांवर बोट ठेवून बसली. जेवताना अर्धी भाकरी तशीच ठेवली. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, तेव्हा मला न बोलावता, स्वतःच्या हाताने वॉकर ओढून ती उठायला गेली. आवाज आला म्हणून मी धावले. तिला धरलं, ती पडली नाही, पण माझी कंबर गेली. मी तिथेच लादीवर बसले आणि मला उठता येईना. ती कॉटच्या कडेवर, मी खाली, दोघी रडत होतो. नरेंद्र येईपर्यंत तशाच होतो. तुझा पट्टा बांधलेलाच होता.

नरेंद्रने रजा काढली. शेजारच्या कुमुदिनीकाकू दोन्ही वेळा येऊन आईला उचलत होत्या, त्यांचंही वय झालंय. आता मी बरी आहे, वाकायचं नाही एवढंच. पण वाकल्याशिवाय आई उठत नाही.

अक्षय, मी दमले. खेळाच्या भाषेत सांगून झालं, आता सरळ सांगते. आईला तीन महिने तुझ्याकडे ने. तुझा जिना, तुझं दुकान, तेजस्वीची लॅबमधली ड्युटी, सगळं मला माहीत आहे. माझ्याकडेही असंच सगळं होतं, ते मी बाजूला सारलं. आई मला जड नाही. एकटीला जड आहे.

तुला जमणार नसेल तर तसं लिही. खोगीर पाठवू नकोस.

आणि चांदीला मी खेळातून काढतेय. आधी ज्याचं त्याने सामान उतरवावं, मग ती जाईल.

संजीवनी


उल्हासनगर
१८ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाईक समोर असताना शटर ओढून बसलो. मग घरी जाऊन तेजस्वीला दाखवलं. मला वाटलं, सून म्हणून ती कारणं सांगेल आणि मी ती तुला कळवीन. तिने पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, “आईंना आण. पण एक ऐक. त्यांची म्हैस मी होणार नाही. आई तुझी आहे, उचलायचं तू. मी सोबत आहे.” मी पोळी खात बसलो.

जिना तीन मजल्यांचा, लिफ्ट नाही, खोली एकच, हे सगळं तुला लिहिण्यासाठी मनात जुळवलं होतं. तू आधीच लिहून टाकलंस, माझ्याकडे काही उरलं नाही.

काल रिद्धीकडे जमलो. मी आईचं बोलणं सांगितलं, तिच्याच शब्दांत. आधी सगळे हसले. मग मुकेश उठला, एकदम सीरियस. “अम्मा सही बोल रही है. मेरा मटका मैं उठाता हूँ.” मी म्हटलं, दोन्ही हातांत हंडा धरलास तर तलवार कशी चालवणार? म्हणाला, “नहीं चलाऊंगा. मेरी मछली है ना.” रिद्धीने तंबू घेतला, पोती घेतली. ती म्हणाली की आता रोज थोडंच अंतर चालता येईल, चालू दे. कोणी भाले घेतले, कोणी मीठ. टेबलावर चांदीच्या नावाने ठेवलेल्या सामानाच्या चिठ्ठ्या एकेक करून उचलल्या गेल्या.

शेवटी एकच चिठ्ठी उरली. नकाशांची पेटी. माझी.

ज्याने ठेवलं त्यानेच उतरवायचं, नियम माझाच. आणि उतरवायला मी खेळात आहे कुठे? सूत्रधाराला ना शरीर, ना पाठ. तीन वर्षं मी वरून सांगतोय, पूर आला, वादळ आलं, चला, उठा. सामान टाकायला मात्र मी पहिला होतो. सगळे माझ्याकडे बघत बसले. कोणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, ताई.

मग मी रिद्धीला म्हटलं, आजपासून सूत्रधार तू. मला खेळात यायचंय. जोडीदार प्राणी कोणता, तिने विचारलं. मी म्हटलं, रेडा. मुकेश हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. पण हात लावलाय मी. चांदीला झालेला, आठवतो? त्याच्यावर बसायला गेलो आणि शेणात पडलो होतो. आईनेच उचललं होतं.

पेटी आता रेड्याच्या पाठीवर आहे. चांदी मोकळी आहे. तिला काढायचं की नाही ते तू ठरव.

रविवारी येतोय. मुकेशचा टेम्पो आहे, त्यात गादी टाकतो. तीन मजले आम्ही दोघं तिला खुर्चीत बसवून चढवणार. आज दुकानातल्या पोऱ्याला बसवून रंगीत तालीम केली, त्याचा जीव वर-खाली झाला. आईची बॅग तू भरू नकोस. वाकायचं नाहीये ना तुला? मी येऊन भरीन.

अक्षय


मांजर्ली
१४ सप्टेंबर

चि. अक्षय,

आई तुझ्याकडे गेली त्या दिवशी मी झोपले ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठले. नरेंद्र घाबरून दोनदा बघून गेला म्हणे. उठल्यावर मात्र घर खायला उठलं. कॉट रिकामी, वॉकर तू नेलेला. दुपारी चहा टाकला तर सवयीने तिचाही टाकला. दोन्ही कप मीच प्यायले.

ती फोनवर तक्रारी करते. तुझ्याकडच्या आमटीला चव नाही, तुझे हात खडबडीत आहेत, आंघोळ घालताना तू डोळे मिटतोस आणि पाणी भलतीकडेच ओततोस. मी ऐकून घेते. बरं वाटतं खरं तर. तक्रारी करतेय म्हणजे बरी आहे.

क्लासची दोन मुलं परत आली आहेत. कॉट भिंतीला सरकवली, काढली नाही. तीन महिन्यांनी ती लागणार आहेच, मला माहीत आहे, आणि तेव्हा मी नको म्हणणार नाही. पण त्यानंतरचे तीन पुन्हा तुझे. हे आत्ताच लिहून ठेवते.

चित्रं दोन आहेत. एकात चांदी पाण्यात बसलीय, नुसतं डोकं वर. तिला खेळात राहू दे. ती काही उचलणार नाही, फक्त सोबत चालेल. पुढच्या रविवारी मी येईन म्हणते.

दुसरा तुझा रेडा. तुला हवा तसाच काढलाय. भरदार छाती, मान वर, पाठीवर नकाशांची पेटी, गुडघे सरळ. पेजवर टाक, लोक खूश होतील. शिंगांना आग मात्र लावणार नाही.

ताई


उल्हासनगर
१८ सप्टेंबर

ती. ताईस,

आई आत्ता झोपलीय, तेवढ्यात लिहितोय. चित्राच्या कागदाखाली नाही, मला कुठे चित्रं येतात? लेबलांच्या गठ्ठ्याखाली लिहितोय. तिने विचारलंच, “कोनाला लिवतोस रं?” म्हटलं, हिशेब.

चांदी कव्हरवर जातेय. पाण्यात बसलेली नाही, पहिली. जूनमध्ये पाठवलेली. बरगड्या, खाली मान, सगळं तसंच. आत पहिल्याच पानावर ती पाण्यातली टाकतोय, तिथे तिच्या पाठीवर काही नाही.

रेडा मात्र परत पाठवतोय. आईला दाखवला. तिने बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि हसत सुटली. मलाही कळलं. रोज सकाळी तिचे हात माझ्या गळ्यात असतात तेव्हा मोरीच्या दारावरच्या आरशात मीही मला दिसतो.

ताई, गुडघे चुकलेत. वाकव.

अक्षय